भारी नोका मांगवू

आमच्या दुकानातल्या फ्रिजचं मरण फिटरनी तीन महिने आधी सांगितलं होतं.

थंड बाटली मागायला आले होते. मी दार उघडेपर्यंत त्यांनी खिशातून हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, काढला, टोक फ्रिजच्या पाठीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग बाटली घेता घेता म्हणाले, "दिवाळी नाई पाहत हा."

मी खूप हसले. फ्रिज नवा होता, पांढरा शुभ्र होता, आणि मी तो माझ्या पसंतीने घेतला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो बंद पडला. फिटर दुकानामागच्याच टिनाच्या शेडात राहत होते, वीस पावलांवर. पण मी गोंदियाहून दुसरा माणूस बोलावला आणि फिटरना कळू नये म्हणून त्याला पुढच्या दाराने आत घेतलं. तेव्हा मी अशी होते.

तेव्हा म्हणजे दोन हजार पाच-सहाच्या आसपास. आमगावला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुकान नावाला ह्यांचं. हे गल्ल्यावर बसून पेपर वाचत आणि माल मी देत असे. चष्मा साखळीने गळ्यात, कॅटलॉग काखेत. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट यांतला फरक कळणारी अख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच बाई, असं माझं मत होतं. मोजदाद कोणी केली नव्हती, मीच केली होती. शिवाय गिअरची स्कूटर चालवत असे, आणि बाजारात लोक वळून पाहतात ते कौतुकानेच, याविषयी मला शंका नव्हती. आता वाटतं, पदर चाकात जाईल म्हणून पाहत असतील.

फिटर रेल्वेत तीस वर्षं फिटर होते, म्हणून फिटर. बायको लवकर गेली, मूल नव्हतं, एक बहीण दरेकसाला दिलेली. निवृत्त होऊन आमच्या शेडात आले आणि गाड्या दुरुस्त करू लागले. गाडी 'बिघडली' असं ते म्हणत नसत. कोणी गाडी ढकलत आणली की विचारायचे, "कोठं दुखून राहिलं?" माणूस गोंधळून आपल्याच गुडघ्याला हात लावायचा.

पण त्यांचं खरं वेड वेगळं होतं. दुरुस्त केलेली गाडी ते स्वतः कधीही चालवून पाहत नसत. मालकालाच चालवायला लावायचे आणि आपण रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभे राहायचे. गाडी पार वळणाआड गेली तरी इकडे हे बोलतच असायचे. "दुसऱ्यात टाकलन... आता तिसरा... अबे, तिसऱ्यात घाई केली यानं... हं, चवथा." परत आल्यावर मालकाला विचारलं तर शब्दन् शब्द खरा. एकदा मी परीक्षा घ्यावी म्हणून माझ्या स्कूटरवर गेले, वळणाआड मुद्दाम दुसऱ्यातच राहिले आणि येऊन सांगितलं की तिसरा टाकला होता. फिटर म्हणाले, "तुमी टाकला असन जी, गाडीनं नाई घेतला." आणि पुढच्या गाडीकडे वळले. मी हे सगळ्या बाजाराला हसून सांगत फिरले. पुढे ते मला आठवायला हवं होतं.

का चालवत नाही, असं मी विचारलं होतं. त्यांनी बिडी विझवली आणि कानावर ठेवली. नोकरीला लागले त्या वर्षी, रात्रंदिवस खपून एक इंजिन त्यांनी उभं केलं. ते बाहेर निघताना यांनी ड्रायव्हरला विचारलं, एकदा शिटीची दोरी ओढू का? ड्रायव्हर वरून म्हणाला, "तुम्हारी जगह नीचे है." एवढंच. फिटर हे रागाने सांगत नव्हते. एखादं माप सांगावं तसं सांगत होते. "तीस वर्सं खालीच होतो जी. खालून सगडं चांगलं दिसते."

आणि असा माणूस एके दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ती वस्तू घेऊन आला.

चार जाड चाकं, मधे उघडं इंजिन, वर एकट्यापुरती सीट आणि मोटारसायकलसारखं हँडल. क्वाड. बाहेरच्या देशात रेतीत नि डोंगरात शर्यतीला पळवतात ती. गोंदियाच्या एका राइस मिलवाल्याने हौसेने मागवली होती, धानाच्या बांधीत, शेतातल्या चिखलात रेटून रेटून तिचा क्लच जाळला, आणि मग दोन वर्षं ती कोंड्याच्या ढिगाशेजारी ताडपत्रीखाली पडून होती. फिटर त्यांच्या मिलचं इंजिन बघायला गेले होते. मिलवाला म्हणाला, ले जाओ, जगह तो खाली होगी. आमगावात चार पायांची म्हणून तिचं नाव पडलं चारपाई. "फिटरनं म्हातारपनी झोपाले चारपाई आनली," असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचे, आणि ती कोटी माझीच आहे असंही म्हणायचे.

"हिले पाच गेर हायेत," फिटर मला म्हणाले. सीटवरची धूळ ते उजव्या हाताने पुसत होते. "मिलवाला दुसऱ्याच्या वर गेलाच नाई. हिनं पाचवा पाह्यलाच नाई, बाई. जे कराले जलमली तेच केलं नाई."

"मग कोण चालवणार?"

"मी."

मी चष्मा डोळ्यांवरून काढला. त्यांनी जागाही ठरवली होती. चोरखमाऱ्याचा तलाव उन्हाळ्यात आटतो, कडेची कोरडी जमीन परातीसारखी सपाट होते. फिटर कोहळ्यांच्या घरचे, तलाव बांधणाऱ्यांच्या घराण्यातले. "आमच्यायनं पान्यासाठी तळे बांदले," म्हणाले, "मी पानी नसन तवा जातो." एकदा पाचव्यात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग कोणाला पाहिजे त्याने न्यावी.

आता जे मला तेव्हा दिसलं नाही ते इथेच सांगून टाकते. फिटरचा डावा हात मरत होता. अंगठ्याजवळचं मांस आधी गेलं, मग पकड गेली. नागपूरच्या डॉक्टरने नस सुकते आहे, हात जाणार आहे आणि मग दुसराही, असं स्वच्छ सांगितलं होतं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. हात गेलेल्या फिटरकडे गाडी कोण आणणार? पाना हातातून पडायचा तेव्हा म्हणायचे, "पडला नाई जी, उतरला." डावा हात पँटच्या खिशात ठेवू लागले. ते पाहून दुकानातली ही हुशार बाई चार गिऱ्हाइकांसमोर काय म्हणाली असेल? "काय फिटर, हिरो झाले का?"

ते हसले होते. हात खिशातच होता.

आणि क्लच म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. फिटरनीच शिकवलं होतं, माझे दोन तळवे एकमेकांवर ठेवायला लावून. हा तळवा इंजिन, हा चाकं. स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात तोवर गाडी जाते. हँडलची डावी दांडी ओढली की तळवे सुटतात. "धराले जोर स्प्रिंगचा, सोडाले जोर तुमचा," म्हणाले होते. "स्प्रिंग जेवडी कडक, तेवडा हात पायजे." मला हे पाठ होतं. गिऱ्हाइकांना मी हे माझं म्हणून सांगत असे.

तर क्लच निवडायचा होता. असला माल आमच्याकडे कुठला. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून मी कॅटलॉग मागवला आणि शेडात उलट्या बादलीवर बसून फिटरना वाचून दाखवला. तीन प्रकार होते. एक कंपनीसारखाच साधा. दुसरा शर्यतीचा: जाड प्लेटा, कडक स्प्रिंगा, कितीही रेटा, घसरणार नाही. तिसरा नवीनच निघालेला: दांडीला हातच लावायचा नाही, इंजिन फिरलं की आपणच धरतो, मंदावलं की आपणच सोडतो.

"तो तिसरा," फिटर म्हणाले, "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचला.

"हाताचं काम नाई म्हन्ता?"

"नाही हो. म्हाताऱ्यांसाठी असेल तो," मी म्हणाले. "ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांच्यासाठी. तुम्ही कायले घेता?"

फिटरनी पेचकस उजव्या हातातून डाव्यात घेतला, मग परत उजव्यात.

"बरं, थो नको," म्हणाले. "पन बाई, भारी नोका मांगवू."

आता आमच्याकडे भारी म्हणजे काय हे पुण्याच्या माणसाला विचारू नका. कापडवाल्याकडे बायका म्हणतात, हलकं नको, भारी दाखवा. भारी म्हणजे महागातलं, उंची. गोंदियाच्या हिंदीत भारी म्हणजे जड. आम्ही दोन्ही भाषा एकाच ताटात कालवून खातो आणि पचतेही. फिटर तीस वर्षं रेल्वेत हिंदी बोलले होते. ते म्हणत होते, जड नको, हाताला जड नको. मी ऐकलं, महागाचा नको. आणि मला भरून आलं, अगदी खरंच भरून आलं. आयुष्यात एकदा स्वतःसाठी काही घेतो आहे हा माणूस, आणि तेही स्वस्तातलं! मी मनात म्हटलं, थांबा, असा मागवते की बघत राहाल.

मी शर्यतीचा मागवला. त्यातही स्प्रिंगा वरच्या नंबरच्या. फोनवर व्यापाऱ्याने विचारलं, "मॅडम, ये तो बहुत कड़क है, चलाएगा कौन?" मी म्हणाले, "चालवणारा रेल्वेचा माणूस आहे." स्वतःच्या या उत्तरावर मी दोन दिवस खूश होते.

पार्सल यायला दीड महिना लागला. फिटरनी खोकं उघडलं, एक स्प्रिंग उचलली, बोटांत दाबून पाहिली आणि परत ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मी अशी उभी होते जशी राखी बांधून बहीण ओवाळणीसाठी उभी राहते.

"लगित चांगला हाय जी," ते म्हणाले. लगित म्हणजे फारच.

नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजत घालाव्या लागतात, त्याला त्यांनी माझी परात मागितली. वड्यांची डाळ भिजावी तशा त्या रात्रभर भिजल्या. दुसऱ्या दिवशी मी शेडात डोकावले तर काय, फिटर अर्ध्या स्प्रिंगा नव्या आणि अर्ध्या जुन्याच लावत होते. माझा पारा चढला. "अर्धं काम काऊन करता जी? नव्या आणल्या त्या काय लोणच्याला?" ते म्हणाले, पाहतो चालते का. सुरू करून पाहिलं. इंजिन ओरडलं, चाकं जागची हलेनात. जुन्या जळून ढिल्या पडलेल्या स्प्रिंगांना धरवत नव्हतं. "बघा!" मी म्हणाले. मी जिंकले होते. फिटरनी मुकाट्याने जुन्या काढल्या आणि सगळ्या नव्या लावल्या. शेवटचा बोल्ट आवळताना डाव्या हाताला उजव्या हाताने धरून पान्यावर ठेवलं, ते मी पाहिलं. मला वाटलं, ही काहीतरी रेल्वेची पद्धत असेल.

नंतरचं आधी, थोडक्यात सांगते, कारण नंतरचं थोडंच आहे. त्या उन्हाळ्यानंतर फिटरनी शेड सोडलं आणि ते बहिणीकडे दरेकसाला गेले. मी तिसऱ्या प्रकारचा क्लच मागवला, हाताशिवाय चालणारा. तो आला तोवर थंडी पडली होती. ते खोकं घेऊन मी दरेकसाला उतरले. स्टेशनापासून घर जवळच, जंगलाच्या तोंडाशी. फिटर ओसरीत खाटेवर बसले होते, दोन्ही हात मांडीवर पालथे, दुसऱ्या कोणाचे आणून ठेवल्यासारखे. बहीण त्यांना चहा बशीतून पाजत होती. मी खोकं समोर ठेवलं.

"थोच का, म्हाताऱ्यायचा?" त्यांनी विचारलं.

"हव जी. म्हाताऱ्यांचाच."

"मंग बरोबर हाय."

एक मालगाडी चढावर, मागून दुसरं इंजिन लावून, धापा टाकत गेली. फिटरनी बहिणीला खूण केली. तिने सवयीने खाटेखालून पेचकस काढला, टोक दाराच्या चौकटीला टेकवलं आणि मूठ त्यांच्या कानाला लावून धरली. गाडी दूर जाईपर्यंत ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "मांगच्या इंजिनाले दुखून राहिलं." मी खोकं परत आणलं. पुढच्या पावसाळ्याच्या आत ते गेले. बातमी येईपर्यंत तेरवीही होऊन गेली होती.

चारपाई अजून शेडात आहे. सीटवर कोंबडी अंडी घालते. नातवंडं तिला उठवून बसतात आणि तोंडाने आवाज काढतात. त्यांना मी एकच गोष्ट सांगते, की तुमच्या आजीने ही चालवली आहे. बाकीची सांगत नाही. ती इथे लिहिते.

त्याच उन्हाळ्यातली, मे महिन्यातली सकाळ होती. टेम्पोतून चारपाई चोरखमाऱ्याला नेली. बरोबर मी हवीच होते. क्लच माझा होता ना. तलाव आत सरकला होता, कडेला भेगाळलेला गाळ, पार लांबवर एक वाळकं खोड उभं. फिटरनी स्वच्छ पांढरा सदरा घातला होता. मी त्यांना पांढऱ्या कपड्यात प्रथमच पाहत होते. टेम्पोवाल्याने गाडी उतरवून दिली. फिटर सीटवर बसले. मी म्हणाले, "एक मिनिट, फोटो काढते," आणि कॅमेरा काढेपर्यंत त्यांनी इंजिन सुरू केलं.

डाव्या हाताची बोटं दांडीवर आली. दांडी हलली नाही. त्यांनी हात काढला, पँटला पुसला, पुन्हा ठेवला. मग उजवा हात पलीकडे नेऊन दोन्ही हातांनी ओढली. ओढली गेली, पण आता उजवा मोकळा नव्हता, आणि रेस उजव्या हातात असते. तीनदा केलं. तिन्ही वेळा गाडी धक्का खाऊन बंद पडली. मी कॅमेरा डोळ्याला लावून उभी होते. त्या चौकोनात मला तो हात पहिल्यांदा नीट दिसला. अंगठ्याखाली खड्डा पडला होता.

"फिटर," मी म्हणाले, "हाताला काय झालं?"

"भारी हाय जी," ते म्हणाले. "मी म्हन्लो होतो, भारी नोका मांगवू."

"अहो, मला वाटलं पैशाचं..."

"पैशाचं कोन म्हन्ला? हाताले."

टेम्पोवाला पुढे आला. "हटो काका, मैं चलाता हूँ." फिटर उतरले, पण त्याला हात केला, थांब म्हणून. "बाईनं मांगवला," म्हणाले, "बाईच चालवन."

ती शिक्षा होती की बक्षीस, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मी नाही म्हणायला हवं होतं. मी साडी खोचली. स्कूटरने माझा डावा हात कमावलेला होता. फिटरनी कुठला गिअर कसा, पायाने कसा टाकायचा ते सांगितलं, त्या खोडापर्यंत जा म्हणाले, आणि मागे सरून, रस्त्याच्या कडेला राहायचे तसे डोळे मिटून उभे राहिले.

पहिला. दुसरा. तिसरा. आता लपवून काय करू? मला फार मजा आली. गाळाच्या भेगा पायाखालून पळत होत्या, बगळे उठले, पदर सुटला, आणि अठ्ठेचाळीस वर्षांची बाई मोठ्याने ओरडत होती. मागे कोणी उभं आहे हे मी पूर्ण विसरले. चौथ्यासाठी दांडी ओढली तेव्हा हातात कळ आली, मनगटापासून कोपरापर्यंत. अर्धवट ओढली, सुटली. पुन्हा ओढली, जमेना. मीच मागवलेल्या स्प्रिंगा होत्या त्या, वरच्या नंबरच्या. खोड जवळ आलं. तिसऱ्यातच वळले, तिसऱ्यातच परत आले.

फिटर तिथेच होते. इंजिन बंद झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"गेली का पाचव्यात?"

माझे केस तोंडावर आले होते, डावा हात मिटत नव्हता. तो मी पदराखाली घेतला.

"गेली ना जी," मी म्हणाले. "एकदम गेली."

फिटरनी माझ्याकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. उजव्या हाताने सीटवरचा गाळ पुसला, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"हव," ते म्हणाले. "आयकू आली."